आई, कुकर लावू नकोस ना!

मैत्रिणींनो, मुलांच्या भीतीचा विषय निघाला की अंधार, कुत्रा आणि डॉक्टरांची सुई ही नावं ठरलेली. त्यावर सल्ला द्यायला आजीपासून समोरच्या काकूंपर्यंत सगळ्याजणी तयार असतात. पण आपलं मूल कुकरच्या शिटीला घाबरतं, असं सांगून बघा. लोक चक्क हसतात. "कुकरला काय घाबरायचंय? तो काय चावतोय?" म्हणतात. हसणाऱ्यांचं बरं असतं, दिवसातून दोनदा कुकर त्यांना लावायचा नसतो!

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. सकाळचे पावणेनऊ. डबा भरायचा राहिलाय, मोठ्याची रिक्षा खाली येऊन उभी आहे आणि गॅसवर कुकर फुसफुसायला लागतो. धाकटं हातातलं खेळणं टाकून, कानांवर हात घेऊन धावत सुटतं. कुणी पलंगाखाली शिरतं, तर कुणी आईच्या पायांना अशी मिठी घालतं की तिला पाऊल उचलता येत नाही. शिटी होते तेव्हा किंकाळी, आणि शिटी थांबली तरी हुंदके चालूच. मग आपण युक्त्या काढतो. मूल झोपलं की कुकर लावायचा, नाहीतर त्याला शेजारी पाठवून द्यायचं, नाहीतर वरण-भात पातेल्यात शिजवायचा. माझ्या एका मैत्रिणीनं तीन महिने पहाटे पाचला उठून डाळ शिजवून ठेवली. तिच्या चिकाटीचं मला कौतुक वाटतं, पण मुलाची भीती तीन महिन्यांनी होती तिथंच होती.

आमच्या धाकटीचं वय तेव्हा पावणेतीन वर्षं. तिनं हळूहळू स्वयंपाकघरात यायचंच सोडलं. पाणी हवं असलं तरी उंबऱ्याशी उभी राहून आधी विचारायची, "कुकर आहे?" जेवायला बसली तरी अर्धं लक्ष गॅसकडे. दोन घास खाल्ले न खाल्ले की उठून बाहेर. घरात आई जिथं सर्वांत जास्त वेळ असते, तीच जागा पोरीला परकी झाली होती. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा मी ठरवलं की हे हसण्यावारी न्यायचं नाही.

आधी, ही भीती वाटते तरी का? अचानक मोठा आवाज झाला की दचकणं हे माणसाच्या अंगातच असतं. पाळण्यातलं बाळ आठवा. घरात कुठं भांडं पडलं की ते दोन्ही हात फैलावून दचकतं. ते तसं दचकणं साधारण चार-सहा महिन्यांत कमी होतं, पण अनपेक्षित आवाजाची धास्ती पुढं दोन-तीन वर्षांपर्यंत कमीअधिक राहते. त्यातून आपली स्वयंपाकघरं लहान, भिंतींना टाइल्स, खाली फरशी. आवाज शोषून घ्यायला ना गादी ना पडदा. शिटी नुसती घुमते.

आणखी एक गोष्ट आहे. शिटी होणार हे आपल्याला आधी कळतं. कुकर बारीक सूं सूं करायला लागला, वरचं वजन थरथरू लागलं, की आपण मनातून तयार असतो. मुलाला त्या सूं सूंचा अर्थ ठाऊक नसतो. त्याच्या लेखी एक गप्प बसलेलं भांडं एकाएकी ओरडतं, पांढरा धूर सोडतं आणि पुन्हा गप्प होतं. का ओरडलं, पुन्हा केव्हा ओरडणार, काही पत्ता नाही. तुम्हीच सांगा, असं भांडं तुमच्या डोक्याएवढ्या उंचीवर असतं तर तुम्ही त्याच्या शेजारी बसून खेळला असता का?

आता घरोघरी यावर काय उपाय होतात ते बघू. थट्टा हा पहिला. "अगंबाई, वाघीण आमची, कुकरला घाबरली!" मग समजावणी. "त्यात वाफ असते बाळा, ती बाहेर येते." पोर मान हलवतं आणि पुढच्या शिटीला पुन्हा किंचाळतं, कारण मान हलवणारं डोकं वेगळं आणि दचकणारं वेगळं. मग एखादा शूर नातेवाईक पुढं सरसावतो. आमच्याकडं आलेल्या एका पाहुण्यांनी धाकटीला उचललं आणि "बघ, काही होत नाही" म्हणत थेट ओट्याशी नेऊन धरलं. शिटी झाली, पोर काळीनिळी झाली, आणि त्यानंतर चार दिवस ती त्या गृहस्थांच्या समोरसुद्धा आली नाही. पाहुण्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण हातपाय बांधून विहिरीत टाकल्यानं कुणी पोहायला शिकत नाही.

ह्या सगळ्याहून वाईट म्हणजे धाक. "जेव मुकाट्यानं, नाहीतर कुकर लावते बघ!" मुलाची भीती कळली की ती वापरायचा मोह भल्याभल्यांना होतो. बागुलबुवा, पोलीस, झोळीवाला, सुई टोचणारे डॉक्टर ही आपली जुनी फौज आहेच, तिच्यात कुकरचीही भरती होते. त्या क्षणी काम होतं, घास पोटात जातो. पण ज्या वस्तूपासून आईनं वाचवायचं, तीच वस्तू आई अंगावर सोडते आहे, हे मूल विसरत नाही. आमच्याकडं मी एकच नियम केला आणि कामाच्या मावशींपासून आत्यापर्यंत सगळ्यांना तो हात जोडून सांगितला. कुकरचं नाव धाकासाठी घ्यायचं नाही.

हे जरा कडक वाटेल, पण त्याला आधार आहे. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाई होत्या. त्यांनी १९२४ साली लहान मुलांच्या भीतीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कोणत्या उपायानं भीती जाते आणि कोणत्या नाही, हे त्यांनी एकेक करून तपासलं. नुसतं समजावणं, चिडवणं-रागावणं, ती वस्तू दृष्टीआड ठेवून विसरण्याची वाट पाहणं, यांतल्या कशावरच भरवसा ठेवता आला नाही. खात्रीचे निघाले ते दोनच उपाय. आवडत्या खाण्याच्या जोडीनं भीतीची वस्तू हळूहळू जवळ आणणं हा एक. आणि जी मुलं त्या वस्तूला भीत नाहीत, त्यांच्या संगतीत मुलाला ठेवणं हा दुसरा.

त्यांचा पीटर नावाचा मुलगा मानसशास्त्राच्या पुस्तकांत अजून भेटतो. सुरुवातीला तो दोन वर्षं दहा महिन्यांचा होता, म्हणजे आमच्या धाकटीच्याच बरोबरीचा. तो सशाला घाबरे, इतका की फरचा कोट आणि कापूससुद्धा त्याला नको असे. बाईंनी त्याला खुर्चीत बसवून आवडीचं खायला दिलं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला. किती लांब? तर त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतका. मग रोज थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला बोटं चाटू-कुरतडू देऊ लागला. मधेच तो आजारी पडून जवळजवळ दोन महिने इस्पितळात होता. तिथून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि भीती पहिल्यासारखी उफाळली. तरी बाईंनी पुन्हा आरंभ केला आणि काम तडीस नेलं. ही कुत्र्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आता आमच्याकडं काय केलं ते सविस्तर सांगते.

पहिला आठवडा गॅस पेटवायचाच नाही, असं नव्हे. जेवण तर व्हायलाच हवं! कुकर लागायच्या वेळी सासूबाई धाकटीला घेऊन खाली अंगणात जात. पण दुपारी, घासूनपुसून कोरडा झालेला थंडगार कुकर मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर ठेवायची आणि तिच्या भातुकलीत सामील व्हायची. पहिले दोन दिवस ती लांबून बघत होती. तिसऱ्या दिवशी झाकणावर टिचकी मारून पळाली. मग आतला डबा ओढून घेतला, त्यात बाहुलीला बसवलं. शेवटी शिटी, म्हणजे ते वरचं वजन, तिनं हातात घेतलं. "ही ओरडते?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो, पण तिला आता आवाज नाही. आवाज तू काढ." त्यानंतर दोन दिवस घरभर "फुस्स्स" चाललं होतं. (खेळ झाला की शिटी आणि रबराची रिंग मोजून जागेवर ठेवा. आमची रिंग एकदा बाहुलीची माळ म्हणून लग्नात गेली होती आणि संध्याकाळी सात वाजता ती शोधायची पाळी आली.)

दुसऱ्या आठवड्यात मोबाइलचा उपयोग झाला. एरवी मुलांच्या हातात मोबाइल देण्याच्या मी विरुद्ध आहे, पण इथं तो कामाला आला. कुकरची शिटी त्यात भरून घेतली आणि आवाज अगदी बारीक, डासाच्या गुणगुणीएवढा ठेवून तिला ऐकवली. आवाज वाढवायचं बटण तिच्या हाती. वाढवायचा की नाही ते तीच ठरवणार. दोन दिवस ती कमीच करत होती. तिसऱ्या दिवशी एक पायरी वाढवली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू किल्लाच सर केला! इथं सगळं गमक आहे, बायांनो. जो आवाज आपल्याला थांबवता येतो त्याची भीती वाटत नाही. आमच्या बालवर्गात एक मुलगा घंटेला घाबरून रोज रडायचा. आमच्या शिपाईमामांना शिक्षणशास्त्राचं पुस्तक ठाऊक नाही. पण त्यांनी एक दिवस टोल त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "आज तू वाजव." महिनाभर तोच घंटा देत होता, आणि रडणं कधी थांबलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून खरा कुकर. आमच्या बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत अकरा फरश्या आहेत. धाकटीचा छोटा पाट मी उंबऱ्याच्या बाहेर मांडला, पाठीशी सासूबाई बसल्या, आणि तिच्या हातात अर्धा राजगिऱ्याचा लाडू दिला. हा लाडू एरवी मिळायचा नाही, फक्त कुकरच्या वेळी. कुकर फुसफुसायला लागला की मी सांगायची, "ऐक, आता सूं सूं करतोय. म्हणजे शिटी येणार." तिला कानांवर हात ठेवायची पूर्ण मुभा होती. हात काढ असं कुणी म्हणायचं नाही. प्रत्येक शिटीला तिनं एक प्लॅस्टिकची बांगडी हातात चढवायची. तीन बांगड्या झाल्या की तिनं हुकूम सोडायचा, "कुकर, बंद!" आणि मी तत्क्षणी गॅस बंद करायची. डाळ एखादे दिवशी बोटचेपी राहिली तरी मी चौथी शिटी घेतली नाही. वरण पुन्हा शिजवता येतं. पण हुकूम एकदा मोडला तर पोरीचा विश्वास पुन्हा बसवायला पंधरा दिवस जातात.

पाट पुढं सरकवायचा तो तिनंच. मी फक्त विचारायची, "आज पाट कुठं मांडायचा?" कधी ती एक फरशी पुढं यायची, कधी चार-चार दिवस तिथंच. एकदा तर एकदम तीन फरश्या पुढं आली, शिटी झाल्यावर पाटासकट मागं पळाली, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं जुन्या जागी बसली. मी काही बोलले नाही. शाबासकीसुद्धा बेतानंच द्यायची, हा माझा शाळेतला अनुभव. फार डोक्यावर घेतलं की मूल आपल्याला खूश करायला पुढं येतं, आणि आतून घाबरलेलंच राहतं.

ह्या दिवसांत मी कुकर लावायची पद्धतही बदलली. पुष्कळजणी आच मोठी ठेवून शिट्या मोजतात. खरं म्हणजे कुकरचं काम शिटीनं होत नाही, दाबानं होतं. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळं दाब वाढतो आणि आतलं तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. जास्तीची वाफ वजन उचलून निसटते, तीच शिटी. तेव्हा एकदा दाब भरला की आच मंद करावी. शिटी उशिरा आणि हलकी होते, पदार्थ तितकाच शिजतो आणि गॅसही वाचतो. पहिली शिटी होतेच, पण तिच्यामागोमाग येणारा तो मारा टळतो. आणि हो, घाईत चमच्यानं शिटी उचलून वाफ काढायची सवय असेल तर मूल घरात असताना तरी सोडा. तो लांबलचक फूत्कार साध्या शिटीपेक्षा भयंकर असतो आणि वाफेनं भाजण्याचा धोका वेगळाच. आवाज दाबायला शिटीवर फडकं टाकण्याचा प्रकारही मी पाहिलाय. तो मात्र कधीही करू नका. वाफेची वाट अडली तर अपघात होऊ शकतो.

सासूबाईंनी मधल्या काळात दोनदा मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. काही सुशिक्षित मैत्रिणी यावर नाक मुरडतील. मला विचाराल तर आजीनं मांडीवर घेऊन पाच मिनिटं डोक्यावरून हात फिरवला, यात पोरीचं नुकसान काहीच नव्हतं. दृष्ट काढून झाल्यावर "आता घाबरलीस तर बघ" असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत, आणि पाटामागं रोज न चुकता बसल्या. आमच्या ह्यांचा वाटा वेगळा. रविवारी कुकर ह्यांनी लावायचा असं ठरलं. त्यामुळं धाकटीला कळलं की कुकर आईचाच ऐकतो असं नाही, सगळ्यांचा ऐकतो. मोठा भाऊ ओट्यापासून दोन हातांवर बसून अभ्यास करत राहायचा. तो शिटीला वर मानसुद्धा करायचा नाही, आणि धाकटी शिटीपेक्षा त्याच्या तोंडाकडंच जास्त बघायची.

चौथ्या आठवड्यात तिला ताप आला. चार दिवस अंथरुणात गेले. बरी झाल्यावर पहिल्या शिटीला पुन्हा तशीच किंकाळी! अशा वेळी आईचं अवसान गळतं, सगळं केलेलं पाण्यात गेलं असं वाटतं. पीटरचा कुत्रा आठवून मी पाट उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला, बांगड्या पुन्हा काढल्या. पहिल्यांदा जे अंतर कापायला दोन आठवडे लागले ते यावेळी पाच दिवसांत झालं. आजारपण, गावाहून परतणं, घरी नवं बाळ येणं, यांनंतर गेलेली भीती पुन्हा डोकावते. दोन पावलं मागं घ्यायची तयारी ठेवा, म्हणजे झालं.

सहा आठवड्यांनी पाट आठव्या फरशीवर आला आणि तिथं मी स्वतः खडूनं रेघ मारली. याच्या पुढं नाही! भीती घालवायची म्हणजे गरम कुकरशी सलगी करू द्यायची असं नव्हे. ओट्यापासून तीन फरश्या, म्हणजे सुमारे तीन फूट, ही जागा मुलांची नाही. रेघेचं कारण मी तिला साध्या शब्दांत सांगितलं, "कुकर वाईट नाही, गरम आहे." आवाजाची भीती आणि चटक्याची काळजी या दोन गोष्टी तिच्या मनात वेगळ्या व्हायला हव्या होत्या, त्या झाल्या. एक दिवस बांगड्या चढवायला ती विसरली. तीन शिट्या झाल्या, मीच हुकुमाची वाट बघत उभी, आणि ही पाटावर बसून बाहुलीला लाडू भरवते आहे. मी गॅस बंद केला आणि काही बोलले नाही.

हीच रीत मिक्सरला चालते. आधी बंद मिक्सर खेळायला द्या (प्लग काढून, पातं काढून). मग दुसऱ्या खोलीतून ऐकवा, आणि बटण बंद करायचा हुकूम त्याचा. डोक्यावरून पाणी घ्यायला रडणाऱ्या मुलाच्या हातात तांब्या द्या. आधी बाहुलीचं न्हाणं, मग आपलं, आणि पाणी ओतायच्या आधी एक-दोन-तीन त्यानं म्हणायचं. दिवाळीच्या फटाक्यांना मात्र ही रीत पुरी पडत नाही, कारण तिथं आवाज थांबवणं आपल्या हातात नसतं. त्या चार दिवसांत मुलाला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, गोष्टी सांगत बसवलं तर ते भित्रं होईल असं मुळीच मानू नका. अगदी जवळ फुटणारे फटाके लहानग्या कानांना खरोखरच अपाय करतात, तिथं पोराचं घाबरणं रास्तच आहे.

थोडं डॉक्टरांविषयी. दोन ते चार वर्षांच्या मुलाला एखाद-दुसऱ्या आवाजाची भीती वाटणं नेहमीचंच आहे. पण पंखा, नळ, गर्दी, बोलणं अशा सगळ्याच आवाजांना मूल कान झाकत असेल, बोलणं उशिरा होत असेल, हाकेला ओ देत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर "मोठं झालं की होईल ठीक" म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कानात दुखत असल्यामुळंही मुलं आवाजाला चिडतात, सर्दीनंतर हे विशेष दिसतं. सहा महिने होऊन गेले, भीती वाढतेच आहे, झोप आणि खाणं बिघडलंय, असं असेल तरी दाखवावं. जाताना केव्हा, कशामुळं, किती वेळ रडतं हे चार ओळींत लिहून न्या. दवाखान्यात आपल्याला निम्मं आठवत नाही.

एवढं वाचून काही जणी म्हणतील, सकाळच्या धांदलीत पाट नि बांगड्या कोण करत बसणार? अगदी खरं. सकाळी नका करू. सकाळी मूल बाहेर धाडा आणि हा उद्योग संध्याकाळच्या कुकरला ठेवा. दिवसातून एकदा, दहा मिनिटं. आम्हीही संध्याकाळीच करत होतो, आणि राजगिऱ्याचे लाडू दोन डझन लागले.